पोथी कीं बाड ?

यंदाच्या दिवाळींत आमच्या औंढ्याच्या घरीं एक लहानसा वाद निघाला आणि त्रिपुरी पौर्णिमा उलटली तरी तो मिटला नाहीं. पुण्यास नोकरीवर असलेल्या आमच्या पुतण्यानें सणाच्या निमित्तानें वीस हजार रुपये पाठविले व सोबत निरोप दिला : "मोठ्या आजींना वाचायला एखादें चांगलें यंत्र घ्या. कोणतें तें घरांत ठरवा." पैसे पाठविणें सोपें, 'घरांत ठरवा' हे दोन शब्द पाठविणें त्याहून सोपें. ज्या घरांत पंक्तीस चौदा पानें मांडावीं लागतात तेथें ठरविणें म्हणजे काय असतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

त्याच्या मोठ्या आजी म्हणजे आमच्या थोरल्या काकू. वय पंच्याहत्तर. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंच्या शस्त्रक्रिया झालेल्या. दूरचें स्वच्छ दिसतें. परंतु बारीक टाइपाचें पुस्तक घेऊन बसल्या म्हणजे दहा मिनिटांत डोळ्यांस पाणी येऊं लागतें. या बाईनें पन्नास वर्षें या घरचा सैंपाक, कुळाचार व महाशिवरात्रीच्या यात्रेस उतरणाऱ्या पाहुण्यांचें अन्नपाणी सांभाळलें आणि एवढ्या धबडग्यांतून दुपारचा एक तास तेवढा पुस्तकासाठीं राखून ठेवला. तो एक तास गेलीं चार वर्षें त्यांच्या हातून गेला होता. त्यांनीं तक्रार केली नाहीं. माळ ओढीत बसूं लागल्या. पुढें त्या माळ ओढतांना बंद कपाटाकडे पाहतात हें प्रथम धाकट्या सूनबाईंच्या लक्षांत आलें, आणि त्यांनींच तें पुण्यास कळविलें.

घरांत लागलीच दोन पक्ष झाले. एक पक्ष म्हणे, किंडलसारखें केवळ वाचनाकरितांच असलेलें यंत्र घ्यावें. दुसरा म्हणे, तेवढ्याच पैशांत चांगला मोठा टॅब येतो. त्यावर पुस्तकेंही वाचतां येतात, कीर्तनें ऐकतां येतात, पुण्याच्या पतवंडाचें तोंड पाहतां येतें. मग दहा कामांचें यंत्र टाकून एका कामाचें घेण्यांत शहाणपण तें कोणतें? हाच प्रश्न आज पुष्कळ घरांत निघत असावा असें वाटून, या वेळीं या सदरांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

नीट पाहिलें तर हा प्रश्न आपणांस नवा नाहीं. जुन्या घरांतील लिखिताचे दोन प्रकार वाचकांस ठाऊक असतील : एक पोथी आणि दुसरें बाड. पोथी म्हणजे सुट्या आडव्या पानांची, दोन फळ्यांमध्यें दाबून बासनांत बांधलेली. ती चौरंगावर ठेवावयाची, एक एक पान वाचून पलीकडे पालथें घालावयाचें, अध्याय संपला कीं पुनः बांधून ठेवावयाची. तिच्यांत ग्रंथ एकच, आणि तिच्यासमोर बसलेल्या माणसास कोणी हांक मारीत नाहीं. बाड ही शिवलेली वही. जें कानीं पडेल, जें हातीं लागेल तें त्यांत उतरून घ्यावयाचें. एका पानावर अभंग, दुसऱ्यावर आरती, तिसऱ्यावर खोकल्याचा काढा, मध्येंच उसन्या दिलेल्या रुपयांची नोंद आणि कोपऱ्यांत कोणाची तरी जन्मवेळ. आमच्या आजींचें असें एक बाड अद्याप घरांत आहे. तें हल्लीं काकूंच्या पेटींत असतें. बाड म्हणजे हलकें असें मात्र कोणीं समजूं नये. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठामठांतून जमविलेलीं जुनीं बाडें आहेत. तीं नसतीं तर समर्थसंप्रदायाचें कितीतरी वाङ्मय नाहींसें झालें असतें. तेव्हां दोन्ही वस्तु चांगल्याच. किंडल ही पोथी आहे आणि टॅब हें बाड आहे; प्रश्न इतकाच कीं, काकूंस काय हवें होतें ?

या नव्या पोथीच्या पोटांत काय असतें तें थोडें सांगितलें पाहिजे, कारण तिचे सर्व गुणदोष तेथूनच निघतात. टॅबची कांच आंतून उजळलेली असते. तिच्यावर वाचणें म्हणजे दिव्याच्या तोंडाकडे पाहून वाचणें होय. किंडलमधील 'ई-शाई'ची रीत निराळी. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत तिचा शोध लागला व तिचा व्यवहारांत उपयोग करण्याकरितां १९९७ सालीं ई-इंक नांवाची कंपनी निघाली. पडद्याखालीं केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपींतील द्रवांत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. पांढऱ्यांवर एका जातीचा विद्युद्भार, काळ्यांवर दुसऱ्या जातीचा. खालून विजेचा इशारा झाला कीं कोठें काळे वर येतात, कोठें पांढरे, आणि त्यांचें अक्षर होतें. एकदां वर आलेले कण तेथेंच राहतात; वीज तोडली तरी अक्षर पुसलें जात नाहीं. म्हणून वीज लागते ती मुख्यतः पान उलटण्यापुरती. रात्रीं वाचण्यासाठीं या यंत्रांना दिवा असतो, पण तो कडेनें पानावर पडतो, डोळ्यांत शिरत नाहीं. सोनी कंपनीनें २००४ सालीं जपानांत अशा शाईचें पहिलें वाचनयंत्र विकावयास काढलें. ॲमेझॉनचें किंडल २००७ च्या नोव्हेंबरांत आलें आणि लोकांच्या तोंडीं तेंच नांव बसलें.

टॅबला रोज, फार तर एक दिवसाआड, विजेच्या खुंटीस बांधावें लागतें. ई-शाईचें यंत्र एकदां भरलें कीं बेताच्या वाचनास कित्येक आठवडे पुरतें. पुण्यामुंबईच्या वाचकांस हा फरक क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे वळवाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाणें ही बातमी नव्हे. ती केव्हां येते ही बातमी. घरांतील सर्व मोबाइल डोळे मिटून पडले असतां ज्याचें पान उघडें राहतें, तें यंत्र आम्हीं तरी क्षुल्लक म्हणणार नाहीं.

झोंपेविषयींही एक प्रयोग प्रसिद्ध आहे. २०१४ सालीं अमेरिकेंतील हार्वर्डशीं संलग्न संशोधकांनीं बारा तरुण माणसांस पांच रात्री उजळ कांचेच्या यंत्रावर व पांच रात्री छापील पुस्तकावर वाचावयास लाविलें. यंत्रावर वाचणारांस झोंप यावयास सुमारें दहा मिनिटें अधिक लागलीं व झोंप आणणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याचें प्रमाण घटलेलें आढळलें. परंतु माणसें अवघीं बारा, आणि वाचन निजण्यापूर्वीं चार चार तासांचें. आमच्या घरांत रात्रीं चार तास सलग वाचावयास मिळेल असें भाग्य कोणाचेंच नाहीं. म्हणून हा मुद्दा आम्ही फार ताणूं इच्छीत नाहीं.

'एका कामाचें यंत्र' म्हणून नाक मुरडणारांस आम्हीं आमच्याच तालुक्यांतील एक उदाहरण दिलें. दुधाळ्याच्या शिवारांत लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ च्या एप्रिलांत मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटी रुपयांचा. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनांत टाकावयाच्या, त्यांतून लेसरचा किरण धाडावयाचा, आणि दूरच्या आकाशांतून गुरुत्वीय लहर येऊन गेली असतां त्या भुजांच्या लांबींत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म जो फरक पडतो, तेवढा एक मोजावयाचा. एवढ्या पैशांत तें यंत्र उद्यां पाऊस पडेल कीं नाहीं, हेंही सांगणार नाहीं ! ज्यास एकच गोष्ट अत्यंत शांतपणें ऐकावयाची असते, त्यास बाकीच्या सर्व गोष्टी बहिऱ्या करून ठेवाव्या लागतात. यावर टॅबपक्षाचे आमचे धाकटे बंधु म्हणाले, "वेधशाळेचे पैसे सरकारचे, आपले वीस हजार आपले." हें उत्तर आम्हांस खोडतां आलें नाहीं.

तेव्हां तत्त्व सोडून अनुभवाकडे वळलों. घरांत एक टॅब तीन वर्षांपूर्वींच आलेला आहे, आणि मौज अशी कीं, तोही काकूंच्याच नांवानें आलेला आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांस मोठ्या अक्षरांत वाचतां यावें म्हणून तो घेतला होता. त्याचा दिवस कसा जातो तो पाहावा. सकाळीं संध्या आटोपली कीं नाना, म्हणजे आमचे काका, त्यावर काशीविश्वेश्वराची आरती लावतात. स्वतःच्या गांवचें ज्योतिर्लिंग दारापासून दोनशें पावलांवर आहे, परंतु तेथें जावयास गुडघे परवानगी देत नाहींत. त्यानंतर धाकट्या बंधूंस हिंगोलीच्या बाजारांत हळदीस काय भाव फुटला तें पाहावयाचें असतें. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर ही पाहणी दिवसांतून तीनदां होऊं लागली आहे. मग कोणाचा सातबारा, कोणाची पाककृति. मुलें शाळेंतून आलीं कीं बालभारतीच्या पुस्तकांवरील चौकोनी ठिपक्यांच्या खुणा त्यास दाखवून त्यांतून धडे निघतात; हें काम खरेंच चांगलें आहे, आणि तें किंडलच्यानें होणार नाहीं. संध्याकाळीं क्रिकेट. रात्रीं दहा वाजतां तो टॅब काकूंच्या हातीं येतो, तो शेवटचे पांच टक्के प्राण घेऊन.

हिसकावून कोणीच घेत नाहीं. प्रत्येकजण विचारूनच नेतो : "काकू, जरा पांच मिनिटें." आणि काकू 'ने' म्हणतात, कारण पन्नास वर्षें त्या तेंच म्हणत आल्या आहेत. एकदां त्या 'स्मृतिचित्रें' वाचीत होत्या. लक्ष्मीबाई टिळकांचें हें आत्मचरित्र त्यांचें फार आवडतें; त्यांतील कित्येक प्रसंग त्यांस मुखोद्गत आहेत. वाचतां वाचतां कांचेच्या माथ्यावरून कोणाचा तरी निरोप घसरत खालीं आला, तो बाजूस सारावयास त्यांनीं बोट लाविलें, आणि पाहतात तों लक्ष्मीबाई गेल्या व कोणा अपरिचिताच्या लग्नाची वरात नाचूं लागली. त्यांनीं टॅब पालथा घालून ठेवला तो आठ दिवस पुनः मागितला नाहीं.

येथें आमचें मत पक्कें झालें. यंत्रांची तुलना करणारे लोक कांच, वजन, किंमत, वेग यांचीं कोष्टकें मांडतात. परंतु तीं कोष्टकें एकट्या माणसासाठीं असतात. एकट्या माणसाचें दहा कामांचें यंत्र त्याच्याच दहा कामांस येतें. एकत्र कुटुंबांत तेंच यंत्र दहा माणसांच्या दहा कामांस जातें, आणि जो सर्वांत शेवटीं मागतो त्याच्या वांट्यास उरतें तें उरतें. किंडलवर क्रिकेट दिसत नाहीं, हळदीचा भाव पाहणें जिवावर येतें, चित्रें काळींपांढरीं आणि हालत नाहींत. दुकानदाराच्या दृष्टीनें हे दोष. आमच्या ओसरीवर हेच त्याचें कुंपण. जें दुसऱ्या कोणास नको, तें काकूंजवळ राहील. आमच्या घरांतील बायकांस स्वतःची अशी वस्तु किती असते याचा हिशेब आम्हीं त्या दिवशीं प्रथमच केला. दागिने सुनांच्या नांवें लागलेले, खोली पाहुण्यांची, कपाटाच्या किल्ल्या देवघरांतील खुंटीवर. काकूंची म्हणून एक लोखंडी पेटी तेवढी आठवली.

परंतु एवढ्यावर निकाल देणें अन्यायाचें होईल. टॅबपक्षाचा खरा बळकट मुद्दा यापुढेंच आहे, आणि तो मराठी वाचकानें डोळ्याआड करूं नये : पोथी घेतली, पण तींत घालावयास ग्रंथ कोठें आहेत ?

किंडलवर मराठी पुस्तकें अधिकृतपणें येऊं लागलीं तीं २०१६ च्या डिसेंबरांत. त्या वेळीं मराठीसह पांच भारतीय भाषांस तेथें जागा मिळाली. तेव्हांपासून पुष्कळ प्रकाशकांनीं आपलीं पुस्तकें तेथें ठेविलीं, परंतु मराठींत छापलें गेलें त्या मानानें तीं थोडींच. पुण्याच्या बुकगंगेजवळ मराठी ई-पुस्तकांचा मोठा सांठा आहे. पण तीं पुस्तकें त्यांच्याच वाचनिकेंत उघडतात, आणि ती वाचनिका मोबाइलवर व टॅबवर चालते, किंडलवर नाहीं. म्हणजे यंत्र निवडतांना आपण नकळत दुकानही निवडतों. ज्या वाचकास चालू काळांतील मराठी लेखक हवे आहेत, त्यानें आपल्या आवडीचीं दहा पुस्तकें प्रथम दोन्ही दुकानांत शोधून पाहावीं आणि मग यंत्राकडे वळावें. आम्हांस वाटतें, बहुतेक लोक हें उलटें करतात व मागाहून हळहळतात.

दुसरी अडचण जुन्या पुस्तकांची. राज्य मराठी विश्वकोश, केतकरांचा ज्ञानकोश, साहित्य संस्कृति मंडळाचे ग्रंथ असें पुष्कळ धन आज महाजालावर फुकट आहे. परंतु त्यांतील बराच भाग, विशेषतः जुने ग्रंथ, छापील पानाचें छायाचित्र काढून ठेवलेल्या रूपांत असतो. छायाचित्रांतील अक्षर मोठें करावें तर पान कांचेबाहेर जातें आणि प्रत्येक ओळीस ते इकडून तिकडे ओढावें लागतें. डेमी आकाराचें पुस्तक सुमारें साडेएकवीस सेंटिमीटर उंच व चौदा रुंद असतें. सात इंची वाचनयंत्राचा पडदा साधारण चौदा उंच व साडेदहा रुंद. म्हणजे पान दोनतृतीयांश होतें; जें अक्षर छापांतच बारीक होतें तें मुंगीएवढें दिसतें. याउलट दहा इंची टॅबची कांच मोजून पाहिली, तों ती साडेएकवीस सेंटिमीटर लांब व साडेतेरा रुंद भरली. डेमीचें पान तिच्यांत जणूं मापून बसतें. काकूंचें सर्वांत जिवाचें पुस्तक म्हणजे गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. १९०७ सालीं चिं. वि. वैद्यांनीं प्रसिद्ध केलेलें. त्यांच्या माहेरची प्रत वाळवीनें खाल्ली, आणि आम्हांस महाजालावर जी सांपडली ती नेमकी छायाचित्ररूप. हा एक डाव टॅबपक्षानें निर्विवाद जिंकला.

जे ग्रंथ युनिकोड अक्षरांत नव्यानें जुळविलेले आहेत त्यांची गोष्ट अगदीं वेगळी. तेथें अक्षर हवें तेवढें वाढवावें, ओळी आपोआप नव्यानें मोडतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनीं ग्रंथ मुक्त होतो. साने गुरुजी १९५० सालीं गेले. त्यांचीं पुस्तकें २०१० सालाच्या अखेरीस सर्वांचीं झालीं. ज्ञानेश्वरी, दासबोध यांचें तर बोलावयासच नको. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या ठसठशीत टाइपाची कीर्ति झाली. मोठ्या टाइपाच्या पोथीसाठीं आपल्या आजोबा-पणजोबांनीं मुंबईहून टपाल मागविलें. तो मोठा टाइप आतां बोटाच्या चिमटींत आला आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

दोहोंच्या मधली एक वाटही आहे. ई-शाईचा पडदा आणि आंत अँड्रॉइड, अशीं यंत्रें बूक्स वगैरे नांवांनीं निघालीं आहेत. त्यांवर निरनिराळ्या दुकानांच्या वाचनिका बसवितां येतात. ज्यास यंत्रांची हौस आहे त्यानें तीं अवश्य पाहावीं. पण ई-शाई पान बदलतांना रेंगाळते. चपळ कांचेकरितां रचलेल्या वाचनिका तिच्यावर अडखळत चालतात, आणि किंमतही चढी. शिवाय त्यांत सर्व कांहीं बसवितां येतें म्हटल्यावर आमच्या घरांत तें सर्व बसेल, हळदीच्या भावासकट. म्हणून आम्हीं तो विचार सोडला.

मालकीचाही प्रश्न एकत्र कुटुंबानें नीट समजून घ्यावा. छापील पुस्तक घेतलें म्हणजे तें घराचें झालें. आजोबांचा दासबोध नातू वाचतो. ई-पुस्तकाचे पैसे भरले तरी आपण घेतों तो बहुधा वाचण्याचा परवाना, आणि तोही एका नांवाच्या खात्यावर. २००९ सालच्या जुलईंत ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेलचें 'नाइन्टीन एटी-फोर' हें पुस्तक, विकणारास त्याचे हक्क नव्हते या कारणास्तव, ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतलें. पैसे परत केले, पुढें कंपनीच्या चालकांनीं क्षमाही मागितली. पण घरांत ठेवलेलें पुस्तक रात्रींत नाहींसें होऊं शकतें, हें तेव्हां जगास कळलें. सरकार जुने लेख जाळून टाकतें असें वर्णन ज्या कादंबरींत आहे तिच्याच बाबतींत हें घडावें ! पुढें २०२५ च्या फेब्रुवारींत, घेतलेलें पुस्तक संगणकावर उतरवून तारेनें यंत्रांत नेण्याची सोय त्याच कंपनीनें बंद केली. जीं पुस्तकें नातवंडांच्या हातीं पडावींत अशी इच्छा असेल, तीं आम्हीं तरी कागदावरच घ्यावीं म्हणूं.

शेवटची हरकत नानांची. त्यांचें म्हणणें, हें यंत्र सोंवळ्यांत कसें चालेल ? त्याच्या वेष्टनास कातडें असतें. गुरुचरित्राचें पारायण त्यावर केलें तर तें देवास पोंचेल काय? हा आक्षेप ऐकून तरुण मंडळी हंसूं लागली, पण काकू हंसल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "आपल्याच देवळांत नामदेवांनीं विसोबांना म्हटलें, पिंडीवरचे पाय काढा. विसोबा काय म्हणाले ? जेथें देव नसेल तेथें तूंच उचलून ठेव. आधीं तें करा, मग माझी पोथी कोणत्या कांचेंत आहे तें पाहूं." महिनाभरांत त्या या विषयावर एवढेंच बोलल्या. नाना गप्प राहिले; मात्र वेष्टन कापडी घ्यावें एवढी त्यांची अट आम्हीं मान्य केली.

असो. २०२५ च्या एप्रिलांत भारतांत आलेलें सात इंची किंडल पेपरव्हाइट बाजारांत १६,९९९ रुपयांस निघालें होतें; पुतण्याच्या रकमेंत त्या जातीचें यंत्र बसलें. टॅब घराचा तो घराचाच राहिला. गोडसे भटजी त्यावर आहेत. रात्रीं जेवणें झालीं कीं नात तो ओसरीवर घेऊन बसते व चार पानें मोठ्यानें वाचते. हळदीचा भाव तेवढा वेळ थांबतो, म्हणजे थांबावा अशी योजना आहे. दुपारचा तास काकूंचा. पहिल्या आठवड्यांत घरांतील सर्व मुलांनीं यंत्र एकदां हातांत घेऊन पाहिलें. "आजी, यांत खेळ आहेत ?" "नाहींत." "चित्रपट ?" "नाहीं रे." त्यानंतर कोणीं मागितलें नाहीं.

खातें उघडतांना एक पेंच पडला. पुतण्याचें म्हणणें, माझ्याच खात्यावर जोडा, पैसे मला भरतां येतील. नानांचें म्हणणें, माझ्या मोबाइलच्या क्रमांकावर घ्या. सोयीचें दोन्ही होतें. परंतु पुस्तकें ज्याच्या नांवावर तोच त्यांचा धनी, हें आम्हीं नुकतेंच सर्वांस समजावून सांगितलें होतें. तेव्हां आमचीच गोष्ट आमच्या गळ्यांत आली. शेवटीं काकूंच्या नांवानें निराळा मोबाइल क्रमांक घेतला व खातें त्यांच्याच नांवानें उघडलें. यंत्र सुरू केलें आणि त्यांचें नांव पडद्यावर आलें, तेव्हां त्यांनीं चष्मा पुसून तें पुनः एकदां वाचलें. मग परवलीचा शब्द ठरविण्याची वेळ आली. आम्हीं सुचविलेले चार शब्द त्यांनीं नाकारले, आम्हांस ओसरीवर जाऊन बसावयास सांगितलें, आणि सूनबाईंस विचारून विचारून अक्षरें स्वतःच्या बोटानें दाबलीं. शब्द सूनबाईंसही दिसूं दिला नाहीं. तो विसरूं नये म्हणून त्यांनीं पेटींतील आजींचें बाड काढलें व खोकल्याच्या काढ्याखालीं कोऱ्या राहिलेल्या जागेंत लिहून ठेवला. पेटीस कुलूप आहे. पुतण्यानें पुण्याहून दोनदां विचारलें, नानांनीं एकदां. काकूंनीं तो अद्याप कोणासही सांगितलेला नाहीं.